माणसांना तिकीट नाही

बाबा नगरहून आले ते रात्रभर जागे.
चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
दुसऱ्याच्या गाडीत त्यांना झोप येत नाही.
आंबोलीचा घाट उतरेपर्यंत म्हणे
ड्रायव्हरशेजारी बसून वळणं मोजत होते.
पिशवीत शेंगदाण्याची चटणी, सहा कडक भाकरी,
आणि माझ्या लेकासाठी
जुना तिकीट-पंच, तेल घालून चालता केलेला.

रविवारी दिवाडीला निघालो,
केरोबिनामावशीच्या दारातल्या क्रूसाची लादाईन.
आन्सेल्मच्या शेजारी सासूबाई, मांडीवर चण्यांचं पातेलं.
मागे आम्ही तिघं, आणि इनासच्या हातात पंच.
टक्. टक्.
पणजी सुटायच्या आत सीटच्या कव्हरला दोन भोकं.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर
फेरीबोट लोखंडी जीभ टाकून उभी.
बाबांचा हात खिशात.
"चार पूर्ण, एक अर्धं. किती?"
खलाशी हसला. "गाडयेचे दी, बाबा. मनशांक तिकीट ना."
बाबा माझ्याकडे बघायला लागले.
"माणसांना फुकट," मी म्हटलं.
"फुकट कसं? डिझेल नाही लागत?"

दहाची नोट तशीच मुठीत धरून
ते कठड्याशी जाऊन उभे राहिले.
मांडवी गढूळ, संथ, पलीकडे खारफुटी.
"गालीलचा समुद्र असाच असेल का गं?"
मला काय ठाऊक?
मीही त्यांच्यासारखीच
टँकरच्या पाण्यावर वाढलेली.

मग पाण्याकडे बघतच म्हणाले,
"करंजी घाटात एका पोराला उतरवलं होतं मी.
ऐंशी पैसे कमी होते त्याच्याकडे.
अंधार पडत होता.
परतीच्या फेरीला पाहिलं. नव्हता तिथे."
पुढे काही नाही.
दर वर्षी उपासनेत साक्ष द्यायला उभे राहायचे,
हे कधी सांगितलं नव्हतं.
आई गेली तिलाही नसेल सांगितलं.
आन्सेल्मने हॉर्न दिला, बसा म्हणून.
किनारा आला होता.

क्रूसाला ताजा चुना, अबोलीचे हार,
वाळूत रोवलेल्या मेणबत्त्या,
सांतानमामाचं व्हायोलिन नेहमीसारखं अर्धा सूर खाली.
आमच्यात क्रूसाला हार घालत नाहीत.
बाबा फणसाखाली उभे, हात मागे,
ना आत ना बाहेर, फूटबोर्डावर उभं राहावं तसे.
लग्नात यावरून दोन्ही घरं चार महिने बोलत नव्हती.

सासूबाई गुडघ्यावरून उठल्या,
पदराला नाही, फ्रॉकला हात पुसले,
आणि पातेल्यातला डाव सरळ बाबांच्या हातात दिला.
"पावणे, वाटा."

मग काय, गाडी भरलेली आणि कंडक्टर कामावर.
ओळीने पुढे सरकत,
कागदाच्या पुड्या, ओल्या खोबऱ्याचे तुकडे,
"मिळाले? तुम्हाला मिळाले? मागे कोण राहिलं?"
सगळं मराठीत, आणि सगळ्यांना कळत होतं.
हाफ पँटमधला एक पोरगा दुसऱ्यांदा आला.
बाबांनी ओळखलं. मी पाहिलं, ओळखलं त्यांनी.
दिले.
तिसऱ्यांदा आला तेव्हा
डाव तळाशी खरवडला
आणि आपली पुडीही त्याच्या खिशात रिकामी केली.

परतताना काळोख. बोटीवर एकच पिवळा दिवा.
इनासने फणसाचं पान पंच करून पुढे केलं,
"आजोबा, तुमचं तिकीट."
त्यांनी ते दिव्याखाली नीट तपासलं,
भोक बरोबर जागी आहे ना बघितलं,
शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं.
दहाची नोट कुठे गेली
मी विचारलं नाही.

बोट धक्क्याला लागली.
माणसं उतरायला लागली, स्कूटर, सायकली,
मासळीची रिकामी टोपली डोक्यावर घेतलेली एक बाई.
बाबा कडेला थांबून सगळ्यांना वाट देत होते.
शेवटचा माणूस उतरला
तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला,
घंटीच्या दोरीसाठी,
आणि तिथे नुसती हवा होती,
खारी, चांदण्यांनी भरलेली.