नव्वद नंबरचं तेल

उद्यमनगरात, इलाही शिकलगाराच्या शेडमध्ये
माझी जीप उभी आहे. अठ्ठ्याऐंशीची.
चारही चाकांत जोर, आणि पोटात कुठंतरी दुखणं.

"आवाज कसा हाय, डॉक्टरीणबाई?
गिरणीगत का डंकागत?"
मी विचार केला. दोन्ही.
गाडी हलताना डंक, एकदाच, मिरची कुटल्यासारखा.
चाळीसच्या वर गेलं की गिरण.
"मग दुखणी दोन हायती," तो म्हणाला,
आणि बाळगोंडाला मागची पेटी उतरवायला लावली:
कॅल्शियमच्या बाटल्या, दावं, खांद्यापर्यंतचे हातमोजे.
"निम्मे आवाज सामानाचे असत्यात."

मग पाठीवर सरकत तो खाली गेला.
शाफ्ट दोन्ही हातांनी पिळला.
टक्.
उलटा पिळला.
टक्.
क्रॉस निघाला, तेव्हा टोपणातल्या सुया
गंजून पार तिखट झाल्या होत्या, लालभडक.
हा डंक.

गिरण सापडायला तीन दिवस गेले.

पन्हाळ्याच्या चढाला, वाघबिळापाशी,
मी चालवत होते, तो मागं पत्र्यावर बसून.
"पाय दे." गाते.
"पाय काढ." गप्प.
"वळणावर बदलतोय?" नाही.
"मग चाकाचं बेरिंग न्हवं. पुढचा गिअर टाक."
टाकला. तेच, तसंच.
त्यानं बोटं मोडल्यासारखा एकेक संशय मोडला.

संध्याकाळी गाडी घोड्यांवर चढवली,
चाकं हवेत फिरू लागली.
त्याचा उजवा कान फौंड्रीत गेला, तेरा वर्षं
कास्टिंग घासण्यात. मी स्टेथोस्कोप पुढं केला.
"नगं. उरल्याल्या कानावर माझा इस्वास न्हाई."
लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ त्यानं दातांत धरली,
टोक डिफ्रन्शलच्या नाकाला टेकवलं
आणि डोळे मिटले.

मांडुकलीत गाईच्या डाव्या कुशीला कान लावून
मी टिचकी मारते, आत पोट सरकलंय का बघते,
तेव्हा गाईचा मालक गाईकडं बघत नाही.
माझ्या तोंडाकडं बघतो.
ते का, ते मला उद्यमनगरात कळलं.
मीही इलाहीच्या तोंडाकडं बघत होते,
भुवई हलते का, गाल आवळतो का,
आणि मोटार चालू ठेवायचं विसरून
माझा पाय सारखा ढिला पडत होता.
"पाय!" दातांतून.

शेवटी तेल सोडलं. नव्वद नंबरचं,
काळं, जळक्या कांद्याच्या वासाचं.
तळहातावर घेऊन तो उन्हात आला
आणि बोटानं पसरलं.
चकाकी.
"चांदी बघून सोनार हासतो," तो म्हणाला,
"मिस्त्री न्हाई."
पिनियनचं पुढचं बेरिंग. चकत्या बदलल्या, एक काढली,
परत घातली, पातळ एक शोधायला
बाळगोंडा शाहूपुरी पालथी घालून आला.
दातांना शेंदूर लावून हातानं एक फेरा.
ठसा दाताच्या मधोमध उमटला.
इलाहीनं तो बराच वेळ पाहिला,
मग कापडानं पुसून टाकला.

परवा रात्री फोन आला, गाय आडवी झालीय,
मान पोटाकडं वळवून.
कळ्याच्या पुढं, साठच्या वेगात, जीप गप्प,
आणि पहिल्यांदाच मला
मागच्या पेटीतल्या बाटल्या ऐकू आल्या,
एकमेकींना लागताना.
थांबून मधे टॉवेल कोंबला.
असळजपर्यंत काही नाही.
मग, अगदी बारीक, डाव्या बाजूला खाली कुठंतरी
एक टिकटिक.
गिरणीगत नव्हे. डंकागतही नव्हे.
त्याला काय सांगायचं, शब्द शोधत राहिले.
गाय आधी.