उणे एकतीस, विनिपेग

आत पडद्यावर ओळी सरकत होत्या,
यंत्रातून निळा धूर,
आणि पाळक बाह्या सारून
उजेडाबद्दल बोलत होता.
मी वहीत टिपून घेतलं. खाली रेघही मारली.

बाहेर गाडी सुरूच होईना.
व्हर्ना फ्रीझन, वय एकाहत्तर,
खांद्यावर केबल टाकून पार्किंगमध्ये उभी,
भुवयांवर बर्फ.
सकाळपासूनची तिची ही चौथी गाडी.
उपासना अर्थातच चुकलेली.

'लाल आधी,' ती म्हणाली. 'हं, आता फिरव किल्ली.'
इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं,
मग धरलं.
दोन्ही दिवे लागले
तिच्या तेलकट हातमोज्यांवर.

'आज आत काय सांगितलं रे?'
तिला खरंच ऐकायचं होतं.
मी वही उघडली.
वाचवेना.

तोवर कुणीतरी हाक मारली,
आणि ती केबल गुंडाळत
पाचव्या गाडीकडे निघाली.