धारकास

गनबो स्ट्रीटला, घड्याळवाल्याच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यात
केकोबाद दुबाश बसतो. दुपारी तीननंतर, तेही मूड असला तर.
चिमट्यानं एक नोट काढतो, माझ्यापुढे ठेवतो
आणि खिडकीबाहेर बघत राहतो,
जसं काही ती विकायचीच नाहीये.

चिवावा. एकोणीसशे चौदा.
पहिली दोन वर्षं मी चिवडा म्हणायचो.
दुबाश हसला नाही कधी. 'साडेतीनसो. घासाघीस नाय.'

बत्तीस वर्षं मी बँकेत नोटा मोजल्या,
ओल्या स्पंजवर बोट टेकवत.
जळक्या, वाळवी लागलेल्या,
नवरदेवाच्या हारातून सुटलेल्या, टाचणीनं भोसकलेल्या.
सगळ्यांवर एकच सही, एकच वचन.
विटलो होतो त्या सहीला.

म्हणून या.
मेक्सिकोत तेव्हा ज्याच्या हाती गाव त्याचा छापखाना.
कागद संपला की पुठ्ठा.
मंगळवारी गाव यांचं, तर यांचा पैसा.
शुक्रवारी त्यांचं, यांचा पैसा चुलीत.
शनिवारी कुणाचा घ्यायचा
ते वाण्यानं दारातली बंदूक बघून ठरवायचं.
एक नोट इतकी मोठी, इतकी पांढरी
की लोक तिला चादर म्हणायचे.
माझ्याकडे आहे. अंगावर घेतली तर पाय उघडे.

सोनोरा, दुरांगो, वाहाका.
कुठे शाई वाळायच्या आत अंगठा लागलाय.
शंभर वर्षांपूर्वीच्या कुण्या कारकुनाचा अंगठा,
अजून घाईत.

शालन विचारते, 'याचं आता काय येतं?'
'काही नाही.'
'मग बरंय. चोर नेणार नाही.'

परवा दुबाशनं तळाच्या खणातून एक लिफाफा काढला.
'तुझ्या लाईनीतला नाय. चोर बाजारात रद्दीत आला.
कॅटलॉगमधे नाय. तू वाच, मला तर
कोणचा देश तेच समजत नाय.'

पुठ्ठ्याचा तुकडा. शर्टाच्या खोक्याचा.
जांभळा शिक्का, वाकडा:
वत्सला भोजनगृह, चिंचपोकळी.
एक ताट. खाली नंबर, २१७.

गिरण्या बंद होऊन चार महिने झाले होते.
बायका आईकडे पापड लाटायला यायच्या,
आणि द्यायला रोकड नव्हती, म्हणून हे.
एका ताटाचं एक.
मग ते चालायला लागलं.
न्हाव्यानं घेतलं दाढीला.
चक्कीवाल्यानं दोन किलो दळून दिलं.
तात्या बोरकर रमीत हरले, तेही याच्यातच.
वाणी आधी नाही म्हणाला, मग अर्ध्या भावानं घेऊ लागला,
मग पुन्हा नाही म्हणाला,
आणि तेव्हा आईला कळलं.

दिवाळीआधी खानावळीला कुलूप.
लोक दाराशी उभे, मुठीत पुठ्ठे.
कुणी आरडाओरडा केला नाही.
एकानं तर उंबऱ्यावर ठेवलं, नीट, आणि गेला.

दुबाशनं भिंग पुढे केलं.
मला नको होतं.
शिक्क्याच्या बाजूला पोरसवदा अक्षरात सही, र ला शेपटी,
कारण आईला सही येत नव्हती
आणि मी सातवीत होतो, अक्षर बरं होतं.
शाईवर अंगठा फासलेला.
छोटा.

'काय बोलतोस? फेकून देऊ?'

म्हटलं, असे आणखी आले तर मला सांग.
फाटके, भिजलेले, उंदरानं खाल्लेले.
आकडा दिसला तरी पुरे. बोलशील तो भाव.

'किती असतील बाजारात?'
चारशे साठ.
'आणि सगळे तू घेणार? तू कोण, बँक?'

घड्याळवाल्याकडे चार वाजले, मग थोड्या वेळानं
दुसऱ्या घड्याळात चार वाजले.

म्हटलं, सही माझीय.