खालच्या मजल्यावरचं पाणी

मोइरा गेडीसबाईंनी किल्ली हातात ठेवली तेव्हा
त्या स्ट्रेचरवर होत्या, खुबा मोडलेला,
आणि अँब्युलन्सवाला घाई करत होता.
"चिमूटभर," त्या म्हणाल्या, "दिवसातून एकदाच.
तोंडं वासून समोर येतील. विश्वास ठेवू नकोस."

टाकीच्या कडेला चिकटवलेला कागद, निळ्या शाईतला:
पाणी पंचवीस अंशांवर.
सगळं कधीही बदलायचं नाही, पाव हिश्शाच्या वर नाही.
नळाचं पाणी औषधाचे थेंब घालून आदल्या रात्री भरून ठेवणे.
काच बाहेरून पुसावी. आतलं शेवाळ प्रोव्होस्टचं आहे.

प्रोव्होस्ट म्हणजे तळाच्या लाकडाला तोंड लावून बसलेला
एक काळपट, मिशाळ म्हातारा.
बाकी अकरा कार्डिनल टेट्रा,
वर निळी रेघ, खाली लाल,
शाळेतल्या दुरंगी पेन्सिलीच्या तुकड्याएवढे.

मी हर्णैचा.
मासा म्हणजे मला किनाऱ्यावरचा लिलाव,
टोपलीमागे चढत जाणारा भाव,
आईच्या विळीवर खवल्यांची चरचर,
डोळा बघून ताजा की शिळा ते सांगणं.
जिवंत माशाचं नेमकं काय करायचं असतं
हे आमच्याकडे कुणी विचारलंच नव्हतं.
खरं सांगतो, पहिल्या दिवशी मनात आलं,
या अकरांचं धड कालवणही व्हायचं नाही.

मग डब्यातलं खाणं चिमटीत घेतलं
आणि व्हायचं तेच झालं, ते तोंडं वासून आले.
तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ,
तपासणीच्या नळीत पिवळ्याचं हिरवं.
दोन दिवस उपास घडला तर काही होत नाही त्यांना,
माझ्या मायेनेच मेले असते.
हे कागदावर नव्हतं.

हळूहळू कळलं, फिल्टरच्या स्पंजात
न दिसणारे जंतू राहतात, घर तेच चालवतात.
नळाखाली धुतला की गेले सगळे.
तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, हलकेच,
विरजण राखून ठेवतात तसं काहीतरी मागे ठेवून.

डिसेंबरात डंडीला साडेतीनलाच अंधारतं.
त्या शनिवारी वाऱ्याने तारा तोडल्या.
हीटरचा लाल ठिपका गेला, पंपाची गुणगुण गेली,
आणि खालच्या मजल्यावर अशी शांतता झाली
की ती मला वर ऐकू आली.

टाकीभोवती रजई. गॅस चालू होता.
सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून तरंगत सोडलं,
एक निवली की दुसरी.
चोवीस. साडेतेवीस. बावीस.
हवा मिळावी म्हणून पेल्याने पाणी उचलून
वीतभर उंचीवरून धार धरत राहिलो,
रात्री दोन वाजता, मेणबत्तीच्या उजेडात,
एका स्कॉटिश बाईच्या दिवाणखान्यात
अभिषेकाला बसलेल्या गुरवासारखा,
फक्त मंत्राऐवजी थर्मामीटर वाचत.

उजाडलं पावणेनऊला.
दहा.
अकरावा फिल्टरच्या तोंडाशी अडकलेला,
निळी रेघ विझलेली.
तळहातावर घेतला तर वजनच लागेना.
आमच्याकडे मेलेल्या माशालाच किंमत असते.
याचं काय करायचं ते सुचेना, म्हणून
जिरॅनियमच्या कुंडीत पुरला, चमच्याने.

हॉस्पिटलात फोन लावला.
खोटं बोलता आलं असतं, अकरांतला एक, कोण मोजतंय.
"दहा राहिले," म्हणालो.
पलीकडे कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली.
मग त्यांनी विचारलं, "कोणता?"

मला सांगता आलं नाही.
सात आठवडे खायला घातलं होतं,
रोज मोजलं होतं,
पण टोपलीतला माल मोजतात तसं.

संध्याकाळी वीज आली. लाल ठिपका लागला.
खुर्ची ओढून काचेसमोर बसलो.
एकाचं शेपूट खालून कातरल्यासारखं आहे.
एक सगळ्यांच्या मागे असतो, खाणं पडलं की पहिला.
एक प्रोव्होस्टच्या लाकडाआडून बाहेरच येत नाही.
हे झाले तीन.
बाकीचे सात वळले एकदम,
कुठवर आलो होतो ते विसरलो,
परत त्या कातरल्या शेपटापासून सुरू केलं.