मानशीची फळी

शिरोड्याच्या आगरात मी पायाच्या बोटांनी पाणी ओळखते.
कुठल्या कोंडीतलं किती जड झालं,
आज फावडं घालायचं की उद्या.
भरतीला मानस उघडायची, खाडी आत घ्यायची,
या बांधातून त्या बांधात
उन्हात दमवत दमवत न्यायची.
पाणी जातं, मीठ राहतं.
फ्रॉक घालत होते तेव्हापासून हे ठाऊक.

माझ्या वैजूच्या अंगात नेमकं उलटं चाललंय
हे कळायला नऊ वर्षं लागली.

बरणीतलं मीठ संपायचं.
चिमटीनं नाही, मुठीनं.
दुसरी पोरं बोरं चघळतात तशी ही खडे चघळायची.
रात्रीतून चारदा उठायची,
तांब्या रिकामा करायची आणि मागच्या दारी जायची,
पुन्हा तांब्या, पुन्हा मागचं दार.
कवायतीत पायांत गोळे यायचे.
बाई म्हणाल्या, आळशी आहे.
सासूबाई म्हणाल्या, आगरातलं काहीतरी लागलंय.
कौल लावला, नारळ दिला.
मी एकदा उलथणं मारलं,
गरम नव्हतं,
पण उजव्या हातावर, मुठीत मीठ असताना.
मूठ उघडली नाही तिनं.

ओरोसला केळुसकर डॉक्टरीणबाईंनी
केसपेपर उलटा केला आणि मागे चित्र काढलं.
आधी गुंता, विंचरलेल्या केसांचा पडतो तसला, बारीक शिरांचा.
तिथून सगळंच गळून खाली येतं,
साखर, मीठ, पाणी,
हवं-नको काही न निवडता.
मग एक नळी. वेडीवाकडी वळणं,
मग सरळ खाली बुडी,
आकड्यासारखा वळसा, परत वर,
परत वळणं, आणि शेवटी
सगळ्या नळ्यांचा मिळून एक वहाळ.
एका मूत्रपिंडात अशा लाखो.

"मोठ्या माणसाचं दिवसाला दीडशे लिटरच्या वर गळतं,
बाहेर पडतं दीड-दोन.
बाकीचं ही नळीची भिंत परत उचलते."
म्हणजे शरीर आधी सगळं टाकून देतं,
मग वाकून एकेक वेचतं.
मी चित्रावर बोट ठेवलं.
"ह्यां तर आगर."

त्या हसल्या नाहीत.
वर चढणाऱ्या बाजूला पेन टेकवलं.
"इथं मीठ आत घेणारं दार असतं.
हिचं जन्मापासून नीट लागत नाही.
मीठ निसटतं, मागोमाग पाणी निसटतं,
पुढच्या वळणावर पोटॅशियमही वाहून जातं.
तुम्हा दोघांकडून अर्धं अर्धं आलेलं,
दोघांनाही कधी न जाणवलेलं."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हिचं मीठ हिलाच जागत नव्हतं,
आणि पोर बिचारी
गेलेलं भरून काढत होती, मुठीमुठीनं,
कुणी न शिकवता.
आम्ही तिला चोर म्हणत होतो.

गुणाजी इतका वेळ गप्प होते.
दर पावसाळ्यानंतर आगराची मानस तेच दुरुस्त करतात.
"फळी कुजली म्हणायची," ते म्हणाले.
"बदलूक येता?"
"नाही."
"मग?"
"मग रोज वरून घालत राहायचं. मीठ, पोटॅशियमचं औषध, गोळ्या.
आणि दर तीन महिन्यांनी रक्त."
त्यांनी मान हलवली.
"म्हंजे रातभर चिखल घालूचो,"
माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी ऐकासर."

पाणी कधी ऐकतं, ते त्यांनी विचारलं नाही.

औषध कडू आहे.
कोकमाच्या सरबतात घालून देते,
तरी नाक मुरडते. काल शाळेच्या मैदानाला
दोन फेऱ्या मारल्या म्हणाली. खऱ्या असतील, नसतील.
फाल्गुनातलं ऊन चांगलं आहे,
कोंड्यांवर पांढरी साय धरलीय.
बरणी मी आता खालच्या फळीवर ठेवते,
तिचा हात पोचेल अशी.

झाकण काढते, दोन बोटं आत घालते.
घेण्याआधी अजून
एकदा माझ्या हाताकडे बघते.