टण्ण, ठप्प

तुर्भ्याच्या शेडमध्ये अठ्ठ्याहत्तरची पद्मिनी
सीटं काढून उभी,
कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखी.
गालिच्याखाली कुजका काथ्या, गंज,
एक दहा पैशांचं नाणं.

लॉरेन्स दारावर टिचकी मारतो: टण्ण.
"सगळं झाकायचं नाय, मॅडम.
ताट पडून वाजायला लागलं की
मधोमध हात ठेवता ना, तेवढंच."
ब्यूटाइलचा चौकोन चिकटवतो, रोलर फिरवतो,
पुन्हा टिचकी:
ठप्प.

स्वस्तातली डांबरी शीट मी नाकारली,
मे महिन्यात ती पाघळते, वास मारते.
इंजिनाकडच्या भिंतीला चंदेरी फोम,
त्यावर जाड नमदा,
छताला दोन थर.
बिल बघून मीही ठप्प.

पामबीचला पाय भाजले नाहीत.
सिग्नलला गाडी थांबली, तर
बाबांच्या मनगटावरचं किल्लीचं घड्याळ
चक्क ऐकू आलं.
आणि बाबा, चाळीस वर्षांच्या सवयीनं,
जिवाच्या आकांतानं ओरडले,
"खाडीत रोहित आलेत बघ!"

शेजारचा रिक्षावाला दचकला.
हळू बोला, असं म्हणणार होते.
"दिसले, बाबा! खूप आलेत!"
ओरडले मीही,
नेरुळपर्यंत.