शब्द मात्र सापडला नाही

बातुमीच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
दाताच्या दवाखान्याखाली माझं दुकान.
वर कुणाची दाढ निघते
तेव्हा खाली माझे स्क्रू थरथरतात.

त्सिउरी आली. कोटाच्या आत बापाचा लॅपटॉप,
तान्ह्या पोरासारखा धरलेला.
एकच फाईल, एक्सेलची, दोन हजार एक सालची.
उघडायला जावं तर विचारते : पासवर्ड?
अव्तांदिल तर मार्चमध्येच गेला,
बागेत खत टाकायच्या आठवड्यात.

"आईचं नाव घातलं," ती म्हणाली,
"माझं, भावाचं, पलटणीतला नंबर,
कुत्र्याचं, त्याच्या आधीच्या कुत्र्याचंही.
आपल्या अक्षरांत, लॅटिनमध्ये, मग रशियनमध्ये."
सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.
सांगताना ती ओशाळत होती,
जणू बापाने आतूनच विचारलं होतं, कोण?
आणि तिला
आपण कोण ते सांगता आलं नव्हतं.

मी म्हटलं, इतक्या जुन्या फाईलीचं कुलूप कच्चं असतं.
शब्द ओळखावा लागत नाही.
आतल्या किल्ल्या एकेक लावत जायच्या,
लाखभर कोटी आहेत,
पण संपतात.

मंगळवारी यंत्र लावलं.
शुक्रवारी पहाटे पंखा एकदम गप्प झाला.

गाव, नाव, पेट्या, येणं.
कोबुलेतीचा कुणी, एकोणीस पेट्या संत्री.
चाक्वीची विधवा, सात.
शेवटच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द :
सोडलं. सोडलं. सोडलं.
फक्त मेहुण्यापुढे :
सोडलेलं नाही.

त्सिउरी इतकी हसली की
वरून डॉक्टरणीने पाय आपटला.
मग डोळे पुसत म्हणाली,
"आणि पासवर्ड काय होता?"

तो कळत नाही, मी म्हणालो.
दार उघडलं, शब्द त्याच्याजवळच राहिला.
"म्हणजे तुम्हालाही नाही?"
यंत्रालाही नाही.
तिने पैसे मोजून ठेवले, दोनदा मोजले,
आणि काम अर्धंच झाल्यासारखी निघून गेली.

नोव्हेंबरात एक पेटी आली, हिरव्या देठांची संत्री.
फळीवर खडूने एक शब्द,
पुढे प्रश्नचिन्ह.

बंद फाईलीची प्रत मी पुसायला हवी होती.
पुसली नव्हती.
दुकान बंद केल्यावर तो शब्द घालून पाहिला.

चुकीचा.

संत्री गोड होती, एवढंच कळवलंय.